पिकअपला जास्तीचा डिझेल फिल्टर बसवताना

पावसाळ्यात डिझेल पिकअपची एक तक्रार गॅरेजात हमखास येते. रिकामी गाडी बरी पळते, पण माल भरून घाट लागला की ओढत नाही, मध्येच झटके देते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. फिल्टर सोडवून बाटलीत ओतला की डिझेलच्या खाली पाण्याचा थर दिसतो. प्रकरण एवढ्यावर थांबलं तर स्वस्तात सुटलात. तेच पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं असेल तर एकेका इंजेक्टरचं बिल पाच आकडी येतं, आणि पिकअपला चार इंजेक्टर असतात.

मग कुणीतरी सुचवतं, "जास्तीचा फिल्टर टाकून घे." सल्ला चांगलाच आहे. पण तो कुठे बसवायचा, कोणता घ्यायचा आणि बसवल्यावर काय बघायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. बोलेरो पिकअप, योद्धा, डी-मॅक्स किंवा अशीच कॉमन रेल इंजिनाची गाडी (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल मिळतं अशी) असेल आणि हे काम पहिल्यांदाच करत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जास्तीचा फिल्टर कंपनीच्या फिल्टरच्या आधी, म्हणजे टाकीच्या बाजूला बसवायचा, आणि त्याचं मुख्य काम पाणी पकडणं हेच ठेवायचं. बारीक गाळायचं काम कंपनीच्या फिल्टरलाच करू द्या, त्याला तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं.

पाण्याला एवढं का घाबरायचं

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडायचं. कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांमधली फट अवघी काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला वेगळं ऑइल मिळत नाही, डिझेल हेच त्यांचं वंगण. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० वर आलं. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो, तो रिफायनरीत अ‍ॅडिटिव्ह घालून भरून काढतात. पाण्यात तर वंगण नावाला नसतं. जिथे पाण्याचा थेंब जातो तिथे धातूवर धातू घासतो, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की गंज धरतो.

पाणी येतं कुठून? पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून, शेतावर ठेवलेल्या बॅरल आणि कॅनमधून, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री थंडीने धरणाऱ्या ओलीतून. त्यातलं काही तर नियमातच बसतं. भारतीय मानकानुसार एक किलो डिझेलमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. ६० लिटरच्या टाकीत हे साधारण १० ग्रॅम होतं. डिझेल गरम असताना त्यातलं बरंचसं विरघळलेलं राहतं आणि थंड झालं की सुटून तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे जंतू वाढतात आणि त्यांचा काळपट चिकट गाळ फिल्टरला चोक करतो. जुना फिल्टर कधी कापून बघा (करवतीने नको, कीस आत पडतो, पत्रा कापायची कात्री वापरा). कागदाच्या घड्या उलगडल्या आणि त्यावर बोटाला लागेल असा बुळबुळीत काळा थर दिसला, तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. टाकी उतरवून साफ करावी लागेल, आणि ती साफ करूनच नवा फिल्टर बसवा.

आधी गाडीची लाईन ओळखा

चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका, आणि टाकीपाशी कान द्या. दोन-चार सेकंद घुंई आवाज आला तर टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे आणि लाईनमधलं डिझेल दाबाखाली ढकललं जातंय. आवाज नसेल आणि फिल्टरपाशी हाताने दाबायचा प्रायमर असेल, तर बहुतेक वेळा हाय प्रेशर पंपाला जोडलेला छोटा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्याला सक्शनची लाईन म्हणायचं. खात्री होत नसेल तर त्याच मॉडेलवर हात बसलेल्या मिस्त्रीला विचारा, कारण पुढच्या दोन गोष्टी यावरच ठरतात.

सक्शनच्या लाईनवर गळती दिसत नाही. जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते. गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होते, चालताना मिसिंग मारते, आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

दाबाच्या लाईनवर वेगळी अडचण येते. टाकीतला पंप चार-पाच बारपर्यंत दाब देऊ शकतो. पारदर्शक वाटीचे बरेच सेपरेटर, म्हणजे पाणी वेगळं करणारे फिल्टर, फक्त सक्शनसाठी बनवलेले असतात, ते एवढा दाब सोसत नाहीत. घेण्याआधी फिल्टरवर किंवा त्याच्या कागदावर कमाल दाब किती लिहिलाय ते वाचा. लिहिलेलाच नसेल तर घेऊ नका.

मग फीड आणि रिटर्न ओळखा. टाकीकडून इंजिनाकडे जाते ती फीड, उरलेलं डिझेल परत आणते ती रिटर्न. गाडी अर्धा तास चालवून दोन्हीला हात लावलात तर रिटर्न जास्त गरम लागते. पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका, पाईप कंपनीच्या फिल्टरपासून मागे टाकीपर्यंत बोटाने माग काढत जा. आपला फिल्टर फीडवरच बसणार आहे, रिटर्नला हात लावायचं कारण नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी विचारून घ्या. तोंडी "चालेल हो" पुढे क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही.

फिल्टर निवडताना

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती मायक्रॉनचा देऊ?" आणि नवखा माणूस हमखास सगळ्यात बारीक मागतो. टाकीच्या बाजूला सक्शनवर २ मायक्रॉनचा फिल्टर लावला तर तो लवकर चोक होतो आणि हाय प्रेशर पंप उपाशी राहतो. सक्शनवर ३० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर पुरेसा आहे. लाईन दाबाची असेल तर १० मायक्रॉनचाही चालतो. आधी जाड, मग बारीक, हा क्रम मोडू नका.

मायक्रॉनचा आकडाही पूर्ण खरं सांगत नाही. "१० मायक्रॉन नॉमिनल" लिहिलेला फिल्टर त्या मापाचे बरेच कण सोडूनही देतो. चांगला उत्पादक बीटा आकडा देतो. १० मायक्रॉनला बीटा ७५ म्हणजे त्या मापाचे आणि त्याहून मोठे असे ७५ कण आले तर एकच पलीकडे जातो, सुमारे ९८.७ टक्के अडतात. बीटा २०० असेल तर ९९.५ टक्के.

फ्लो बघायला विसरू नका. इंजिन तासाला जाळतं त्याहून कितीतरी जास्त डिझेल पंप फिरवत असतो, उरलेलं रिटर्नने परत जातं. अडीच लिटरच्या इंजिनाला ताशी शंभर-दीडशे लिटरचा फिल्टर घ्या. त्यापेक्षा मोठा मिळाला तर उत्तमच, मोठा फिल्टर कमी अडवतो आणि जास्त टिकतो.

खाली ड्रेन कॉक हवाच. वाटी पारदर्शक असेल तर पाणी नुसतं वाकून दिसतं. पाण्याचा सेन्सर बसवायची सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्या, का ते पुढे सांगतो. बाजारात रॅकॉर, डोनाल्डसन, मान, आपल्या पुण्याचं फ्लीटगार्ड अशी नावं आहेत. नावापेक्षा महत्त्वाचं हे, की तुमच्या तालुक्याच्या गावात त्याचा एलिमेंट, म्हणजे आतला गाळणारा भाग, वर्षभर मिळायला हवा. बाहेरून मागवलेलं भारी किट, आणि एलिमेंटसाठी तीन आठवडे थांबायचं, असं झालं की लोक जुनाच धुऊन परत घालतात.

मोटारसायकलला लावतात ते प्लॅस्टिकचे छोटे पेट्रोल फिल्टर इथे लावू नका. ते पाणी पकडत नाहीत आणि पिकअपचा फ्लोही त्यांना झेपत नाही.

बाकीचं सामान

डिझेलसाठीच बनवलेला होज, आतलं माप मूळ पाईपइतकं किंवा एक पायरी मोठं, बहुधा ८ किंवा १० मिलिमीटर. पाण्याचा किंवा हवेचा रबरी पाईप डिझेलने आतून फुगतो आणि त्याचे कपटे सुटतात. क्लिपा गोल दाबणाऱ्या, कडा वळवलेल्या घ्या. साध्या क्लिपांचे दात होजमध्ये रुततात. बेंजो (पोकळ बोल्टने आवळायचा गोल जोड) असेल तर दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर लागतील.

दोन गोष्टी सामानात येऊच देऊ नका. एक, टेफ्लॉन टेप. आट्यावरून सुटलेला तिचा एक धागाही पंपापर्यंत पोचायला पुरतो. चुडीला डिझेल सोसणारं लिक्विड सीलंट लावा, तेही पहिला आटा सोडून. दोन, हार्डवेअरच्या दुकानातले जीआय निपल आणि एल्बो. गॅल्व्हनाइजचं जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरच्या तोंडावर थर धरतं. याच कारणाने डिझेल साठवायला जीआयची टाकी किंवा पिंपही नको.

पाईप नायलॉनचा आणि खटका लावून बसणारा असेल तर तो कापू नका. त्याच मापाचे क्विक कनेक्टर आणा. उद्या फिल्टर काढायचा झाला तरी लाईन मूळ स्थितीत राहते.

जागा

चासीच्या आतल्या अंगाला, टाकी आणि इंजिन यांच्या मधे. सायलेन्सरपासून जितकं लांब जाईल तितकं बरं. बीएस-६ गाडीत काजळी जाळताना डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनमधला काजळी पकडणारा फिल्टर, सहाशे अंशांच्या घरात तापतो, त्याच्या शेजारी डिझेलची वाटी टांगणं म्हणजे आगीला आमंत्रण. चाकाने उडवलेला दगड सरळ लागेल तिथे नको, आणि चासीच्या सगळ्यात खालच्या रेषेखाली लोंबेल असाही नको. शेतरस्त्यावर पहिल्याच बांधाला वाटी जाईल. खाली बादली धरून ड्रेन उघडता येईल आणि एलिमेंट खाली ओढून काढता येईल एवढी मोकळी जागा ठेवा.

चासीला नवीन भोक पाडू नका आणि वेल्डिंग तर नकोच. आधीची रिकामी भोकं बहुतेक चासीत सापडतात, ब्रॅकेट त्यावर बेतून घ्या.

बसवण्याचं काम

१. टाकी पाव भागापेक्षा कमी असताना काम काढा. भरल्या टाकीची लाईन खाली सोडवली की डिझेल उतारानं वाहतच राहतं.

२. गाडी आदल्या दिवशी खालून धुऊन वाळवा. कामाच्या जागी धूळ नको, बाजूला कुणी ग्राइंडर चालवत असेल तर त्याला थांबवा.

३. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, गाडी सपाटीवर स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नका. हाय प्रेशर पंपापासून रेल आणि इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी नळ्यांना पाना लावायचा नाही. गाडी चालू असताना तिथली बारीक फवार कातडीतून आत घुसते. वरून टाचणीएवढीच खूण दिसते, पण आत डिझेल पसरतं. असं झालं तर मलमपट्टीवर न थांबता लगेच मोठं हॉस्पिटल गाठावं लागतं.

४. ब्रॅकेट आणि फिल्टरचं डोकं आधी कोरडंच बसवून बघा. होज कुठून जाईल, कुठे घासेल, कुठे मुडपेल हे आत्ताच कळतं. वळणं मोठी ठेवा.

५. होज धारदार पात्याने सरळ कापा. करवतीने कापलात तर कीस आतच राहणार. कापलेला तुकडा स्वच्छ डिझेलने धुऊन दोन्ही तोंडं बंद करा, आणि जोडायच्या क्षणापर्यंत बंदच ठेवा.

६. फीड सोडवा. टाकीकडचं टोक "इन"ला, इंजिनाकडचं "आउट"ला. डोक्यावरचा बाण नीट बघा. उलटा बसवला तरी गाडी चालते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही, पण पाणी वाटीत न बसता पुढे जातं.

७. क्लिपा आवळा, होज दर फूटभराने चासीला बांधा. ब्रेकच्या नळीला किंवा वायरिंगला बांधू नका.

इथेच त्या आधीच्या मताचं खरं कारण सापडतं. तुम्ही कितीही जपलंत तरी पहिल्या वेळी थोडा कचरा लाईनमध्ये जाणारच. फिल्टर टाकीच्या बाजूला असेल तर तुमच्या हातून पडलेला कण कंपनीच्या फिल्टरमध्ये अडकतो. अमेरिकेत मोठ्या पिकअपना कंपनीच्या फिल्टरनंतर, थेट पंपाच्या तोंडाशी, दुसरा बारीक फिल्टर लावायची पद्धत आहे. तिथे पडलेला कण अडवायला पुढे कुणी नसतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सेन्सर घेतला असेल तर त्याची वायर स्वतंत्र दिव्याला जोडा, चावी ऑन झाल्यावर येणाऱ्या करंटवर, मधे छोटा फ्यूज घालून. गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरमध्ये जोड मारू नका, ती इसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, जाते.

एअर काढणं

कोरडा हाय प्रेशर पंप फिरवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात महाग पाप. वंगण डिझेलचंच, आणि तेच नाही. म्हणून स्टार्टर मारून एअर काढायची नाही.

प्रायमर कंपनीच्या फिल्टरपाशी असेल तर आपल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) बंदच ठेवा, तो सक्शनच्या बाजूला असल्याने उघडला तर उलट हवा आत ओढतो. कंपनीच्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू ढिला करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा. मग तो आवळा. शेवटी प्रायमर कडक लागायला हवा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करा, आवाज थांबू द्या, ऑफ करा, असं आठ-दहा वेळा. मगच स्टार्टर मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मधे मिनिटभर थांबा.

याच वेळी कंपनीचा फिल्टरही बदलत असाल तर त्यात वरून डिझेल ओतून भरू नका. स्पिन-ऑन फिल्टरचं (अख्खा डबा फिरवून आट्यावर बसतो त्याचं) मधलं भोक बहुतेक वेळा गाळलेल्या बाजूचं असतं. कॅनमधलं डिझेल तिथे ओतलं की ते न गाळता थेट पंपात. कोरडाच लावा आणि प्रायमरने भरू द्या, थोडा हात दुखेल इतकंच.

बसला का नीट

गाडी पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा, प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसा आणि कापड बघा. दाबाच्या लाईनवर तेवढ्याने कळतं. सक्शनवर नाही. तिथे नव्या फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक, डिझेल सोसणारा होज तात्पुरता लावा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जातील, मग धार स्वच्छ वाहायला हवी. रेस केल्यावर बुडबुड्यांची माळ लागली तर हवा घेतेय. जोड एकेक करून बघा, टाकीकडून सुरुवात करा. पक्कं झालं की तो पारदर्शक तुकडा काढून कायमचा होज घाला, उन्हाने आणि तापाने तो कडक होऊन तडकतो.

मिस्त्रीकडे व्हॅक्यूम गेज असेल तर सक्शनच्या गाडीवर कंपनीच्या फिल्टरच्या आधी टी लावून आयडलला आणि तीन हजार आरपीएमला रीडिंग घ्या, काम करण्याआधी आणि नंतर. फरक किरकोळ असायला हवा. बराच वाढला तर फिल्टर छोटा पडतोय किंवा होज कुठेतरी मुडपलाय. दोन्ही आकडे लिहून ठेवा. पुढे रीडिंग चढत गेलं की एलिमेंट भरत आलाय हे गाडी ओढायची थांबायच्या आधीच कळेल.

रात्री गाडी कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी करा. सकाळी पुठ्ठा कोरडा आणि गाडी पहिल्या हिसक्याला स्टार्ट, असं असेल तरच माल भरा.

पाणी सोडायचं, हे खरं काम

जास्तीचा फिल्टर लावल्यावर एक गोष्ट गुपचूप बदलते. पाणी आता आधीच अडतं, त्यामुळे कंपनीच्या फिल्टरमधला सेन्सर गप्प होतो. डॅशबोर्डचा दिवा लागत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि इकडे आपली वाटी काठोकाठ भरते. भरली की पुढचं पाणी एकदमच पुढे ढकललं जातं. म्हणून मघाशी वेगळ्या सेन्सरचा आग्रह धरला.

पहिला आठवडा रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी ड्रेन उघडा. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाला बसलेलं असतं. काचेच्या बाटलीत कपभर घ्या आणि उजेडाला धरा. पाणी खाली, डिझेल वर, मधे स्पष्ट रेघ. रेघच नसेल आणि सगळं दुधट दिसत असेल तर पाणी डिझेलमध्ये घुसळलं गेलंय, बाटली दोन-तीन तास स्थिर ठेवून परत बघा. आठवडाभर काही निघालं नाही तर पुढे आठवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात दोनदा. सक्शनच्या गाडीत ड्रेन बंद केल्यावर प्रायमर दोन वेळा मारा, कारण उघडताना थोडी हवा आत जातेच.

निघालेलं पाणी-डिझेल गटारात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवून गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्या.

नव्या फिल्टरचा एलिमेंट कंपनीच्या फिल्टरपेक्षा आधी बदलायला येणार, तेच अपेक्षित आहे. कंपनीच्या फिल्टरची मुदत मात्र वाढवू नका. एक एलिमेंट आणि त्याची रबरी रिंग गाडीत ठेवा, आणि बदललेल्या दिवशीचे किलोमीटर फिल्टरच्या अंगावरच मार्करने लिहा.

बाजारात "पाणी विरघळवणारं" म्हणून काही अ‍ॅडिटिव्ह मिळतात. सेपरेटर असलेल्या गाडीत ते घालू नका. ते पाण्याचे इतके बारीक थेंब करतात की सेपरेटरला ते पकडताच येत नाहीत, आणि ज्यासाठी खर्च केला तेच पाणी फिल्टरमधून पार होतं.

रॉकेलची किंवा पेट्रोलची भेसळ कुठलाच फिल्टर अडवत नाही. पंपावर संशय आला तर घनता मोजून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. टँकर रिकामा होत असेल तर तळाचा गाळ ढवळलेला असतो, पुढच्या पंपावर जा. आणि चुकून डिझेलच्या टाकीत अ‍ॅडब्लू (धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) पडलं, तर हा फिल्टर वाचवेल या भरवशावर चावी फिरवू नका. गाडी बंदच ठेवा, ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उतरवून रिकामी करून घ्या.